शाळेची घरपट्टी

खिचडीचा टोप फडक्यानं धरून सुगंधा शाळेच्या पडवीत आली, तेव्हा अंगणात तिचा मोठा दीर अनिल एका परक्या माणसाला घेऊन उभा होता. परक्याच्या हातात टेप होता. टेपचं एक टोक अनिलनं जोत्याशी पायाखाली दाबून धरलं होतं आणि तो माणूस रस्त्याच्या दिशेनं मागे मागे जात होता. ताटल्या घेऊन बसलेली मुलं मान वळवून बघत होती.

"भावजी, काय मोजताव?" तिनं विचारलं.

"काय नाय. असंच," अनिल म्हणाला. त्यानं वर बघितलं नाही.

सुगंधानं मुलांना वाढायला घेतलं. एकोणीस मुलं, पहिलीपासून सातवीपर्यंत. त्यांत तिची मनस्वी पाचवीला. सगळी एकाच खोलीत बसायची, कारण पलीकडच्या खोलीचं छप्पर गेल्या श्रावणात खाली आलं होतं. मधल्या सुट्टीत आलं म्हणून मुलं वाचली. वासे कुजून काळे पडले होते. ते तिनं आणि दोघी बायांनी मिळून बाहेर ओढून टाकले होते. उरलेल्या खोलीलाही पाऊस लागायचा, पण उभी होती. दोन शिक्षकांपैकी गित्ते गुरुजींची बदली बीडला, त्यांच्या गावाकडं झाली. अक्षया बाई एकट्या राहिल्या. एका फळ्याचे तीन भाग करून त्या सात वर्ग शिकवायच्या.

मार्चमध्ये तालुक्याहून पत्र आलं. इमारत धोकादायक आहे, नव्या शैक्षणिक वर्षाआधी दुरुस्त झाली नाही तर मुलांचं केंद्रशाळेत समायोजन होईल. केंद्रशाळा खांबडकोंडापासून पाच किलोमीटर. मधे दोन पऱ्ये, रानातले ओढे. पावसाळ्यात पऱ्या भरला की माणूस अलीकडं उभा राहून पलीकडं बघत बसतो. एसटी एकच, सकाळी सातची, तीही येईल तेव्हा.

सरपंच शमिका घवाळी एकोणतीस वर्षांची, दुसऱ्या खेपेला निवडून आलेली. ती जिल्हा परिषदेत चार वेळा जाऊन आली. निधी नाही, असं चारही वेळा ऐकून आली. मग तिनं ठरवलं की गावानंच घरपट्टी वाढवायची. घरामागं वर्षाला पाचशे रुपये जादा, ते फक्त शाळेला. पहिल्या वर्षी छप्पर, मग गावातलीच एक डीएड झालेली मुलगी दुसरी शिक्षिका म्हणून. ठराव एक मेच्या ग्रामसभेत मांडायचा होता.

त्यासाठीच मुंबईकर या वर्षी जरा लवकर आले होते. अनिल, त्याची बायको, दोन मुलगे आणि सून. राहायचे घराच्या त्यांच्या बाजूला. तिथं नवा पलंग होता, टीव्ही होता. वर्षाचे अकरा महिने त्या दोन खोल्यांना कुलूप असायचं. जेवायचे मात्र सुगंधाच्या चुलीवर. ती पाचला उठायची. विहिरीचं पाणी तळाला गेलेलं, दोर हाताला रुतेपर्यंत घागरी ओढायच्या. मग आठ माणसांच्या भाकऱ्या, मग शाळा, मग रानातून लाकडं. जाऊ पडवीत बसून कैऱ्या चिरायची आणि तिकडं मुंबईजवळ, दिव्याला, पाणी कसं चोवीस तास येतं ते सांगायची.

संध्याकाळी महिपत कामावरून आला. तो जांभ्या चिऱ्याचा गवंडी. बाजूच्या गावात कुणाच्या तरी बंगल्याचं जोतं चाललं होतं. केसांपासून टाचांपर्यंत लाल धूळ, आणि उजव्या हाताची दोन नखं चिऱ्याखाली चेंगरून कायमची काळी झालेली. तिनं न्हाणीत गरम पाणी ओतलं आणि दाराशीच उभी राहिली.

"भावजी शाळेचं अंगण कशाला मोजत व्हते?"

महिपतनं डोक्यावर पाणी घेतलं. लाल पाणी पायाखालून वाहून गेलं. मग दुसरा तांब्या.

"मी काय इचारतंय?"

"जागा आमची हाय," तो म्हणाला. "बापसानं शाळेला तोंडी दिलेली. कागद नाय. सात-बारावर अजून आमचीच नावं. दादानं मोबाईलवर काढलान."

मग तुकड्यातुकड्यानं त्यानं सगळं सांगितलं. जयगडच्या रस्त्याला लागून जागा. बंदरावरच्या कामगारांसाठी खोल्या बांधायला एका ठेकेदाराला ती हवी होती. शाळा उठली की जागा मोकळी. बारा लाखांत सौदा, दोघा भावांत निम्मं निम्मं. आणि शाळा उठायची तर घरपट्टीचा ठराव पडायला हवा. अनिल चार दिवस मुंबईकरांच्या घरोघर फिरत होता तो त्यासाठी.

"तुमी काय म्हटलंव त्येंना?"

"काय नाय."

"नको म्हटलंव?"

"काय नाय म्हटलं." तो पंच्यानं अंग पुसत होता, तिच्याकडं पाठ करून. "सहा लाख, सुगंधा. तीस वर्षं चिरं उचलतोय. सहा लाख मी कदी बगितलं?"

ती आत गेली, भाकरीचं पीठ परातीत घेतलं आणि इतक्या जोरानं मळलं की जावेनं येऊन विचारलं, काय झालं. अनिल जेवायला बसला तेव्हा त्याच्या ताटात तिनं माशाची शेपटीकडची तुकडी वाढली. आयुष्यात पहिल्यांदा.

एक मेला सकाळी झेंडा झाला आणि दहा वाजता देवळाच्या सभामंडपात ग्रामसभा बसली. एरवी तीस माणसं जमली तर कोरम नाही म्हणून सभा पुढं जायची. त्या दिवशी दीडशेच्या वर आली. बाप्ये एका बाजूला, बाया खांबांच्या पलीकडं. दोन पंखे होते, ते दोन्ही बाप्यांच्या डोक्यावर. घामानं बायांची पोलकी पाठीला चिकटली होती.

शमिकानं ठराव वाचला. छपराचं अंदाजपत्रक वाचलं. मग अनिल उभा राहिला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. त्यानं शांतपणे सांगितलं की गावातली निम्मी घरं बंद असतात. दिवा ते लावत नाहीत, नळाचं पाणी ते वापरत नाहीत, त्यांची पोरं इथं शिकत नाहीत. मग त्यांनी कर कशाचा भरायचा? शाळा सरकारची आहे, सरकारनं बघावं. मुंबईकरांत माना हलल्या.

मग सर्वेश शिगवण उठला. हा बंदरावर क्रेनवर होता, गावात पगार घेणारा मोठा माणूस. त्याची दोन पोरं व्हॅननं इंग्रजी शाळेत जायची. तो म्हणाला की त्यांची फी तो भरतो, व्हॅनचे पैसेही भरतो, आता दुसऱ्यांच्या पोरांचेही त्यानंच भरायचे का. आणि मग बायांच्या बाजूला बघून जरा हसत म्हणाला, "शाळा कुणाला हवी हाय ता म्हाईत हाय सगळ्यांना. खिचडीचा पगार बंद होईल ना."

बाप्यांत हशा पिकला. हसणाऱ्यांत सुगंधाचा पुतण्या होता. काल रात्री त्यानं तिच्याकडून तीन वेळा भात मागून घेतला होता.

सुगंधा उठली. सभेत ती कधी बोलली नव्हती. तिनं खांबाला हात लावला.

"अडीच हजार मिळतात मला," ती म्हणाली. "म्हैन्याला. त्या अडीच हजारात मी लाकडं आणतंय, पाणी आणतंय, भांडी घासतंय, पडलेलं छप्पर उचलतंय. तो पगार बंद झाला तर मी चिऱ्याच्या खाणीवर जायन, तितं जास्त मिळतं. माजी काळजी करू नुको. पण भावजींनी शाळेचं अंगण टेप लावून कशासाठी मोजलानी, ता त्येंनी हितं सांगावं. शाळा बंद झाली की ती जागा बारा लाखाला कोण इकणार, ता पण सांगावं."

सभामंडपात सगळेच एकदम बोलायला लागले.

म्हातारा धाकू रेवाळे काठीवर भार देऊन उठला. त्यानं सांगितलं की शाळेचे चिरे खाणीपासून डोक्यावरून वाहिले तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. पहिला चिरा भागोजी गोताडानं आणला होता, या अनिल-महिपतच्या बापानं. त्यालाच सही करता येत नव्हती म्हणून जागेचा कागद व्हायचा राहिला. एवढं बोलून त्याला धाप लागली आणि तो खाली बसला.

अनिलचा चेहरा काळवंडला होता, पण तो मागं हटला नाही. तो म्हणाला की बापानं दिलं ते बापाच्या वेळचं. तो सतराव्या वर्षी गाव सोडून गेला. दिव्याला एका खोलीत पाच माणसं राहिली, धाकट्या पोराचं लग्न समोर. तेव्हा गावानं कधी विचारलं नाही, बाबा कसा राहतोस. "आता माज्या जागेवर गावाचा हक्क? आणि भावजय भर सभेत माजी उतरवणार?" त्याचा आवाज खरोखर भरून आला होता. सुगंधाला तेही दिसलं आणि त्याचाही तिला राग आला.

शमिकानं हात वर करायला सांगितले. आधी ठरावाच्या बाजूचे.

बायांचे हात झरझर वर गेले. धाकूचा गेला, धोंडू पाष्ट्याचा गेला. बाप्यांत इथं एक, तिथं एक. सुगंधानं महिपतकडं बघितलं. तो मांडी घालून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, काळ्या नखांचा उजवा हात वरच्या बाजूला. ग्रामसेवक त्याच्यासमोरून मोजत गेला. हात गुडघ्यावरच राहिला. विरुद्धचे हात मोजले तेव्हाही तो तिथंच राहिला.

ग्रामसेवकानं दोनदा मोजलं. बाजूनं त्रेसष्ट, विरुद्ध सत्तर. ठराव नामंजूर.

मुंबईकर उठून बाहेर गेले, कुणीतरी सरबताची ऑर्डर दिली. सुगंधा एकटी घरी आली. तिनं तीन माणसांचा भात लावला. जाऊ विचारायला आली तेव्हा तिला सांगितलं की चूल मोकळी आहे, पाणी विहिरीत आहे, लाकडं मात्र आपापली आणायची.

महिपत आला, पाटावर बसला. तिनं ताट ठेवलं.

"मी इरोद तर नाय केला," तो म्हणाला.

"तुमच्या बापसानं शाळंला चिरं वायलं," ती म्हणाली. "तुमाला सोताचा हात वायाला झाला नाय."

त्यानंतर नऊ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. पाणी ठेवायची, ताट ठेवायची, डबा बांधून द्यायची. मनस्वी दोघांमधे निरोप ने-आण करायची, मग तीही कंटाळली. तिचा निकाल लागला, पहिली आली होती. ती विचारायची, पुढं कुठल्या शाळेत जायचं. महिपत ताटातून वर बघायचा नाही. उकाडा असा होता की दुपारी कातळावर पाय ठेवला तर चटका बसायचा. पावसाची चिन्हं होती आणि पाऊस नव्हता.

दहाव्या दिवशी सकाळी महिपत कामावर गेला नाही. सुगंधा लाकडं घेऊन आली तर गाय आंब्याखाली बांधलेली आणि महिपत गोठ्यावर चढून कौलं काढत होता. एकेक कौल फडक्यानं पुसून खाली लावत होता. तिला वाटलं, गोठा शाकारतोय. पण दुपारी त्यानं धोंडूचा टेम्पो बोलावला, कौलं भरली, परड्यातले तोडून ठेवलेले ऐनाचे वासे भरले. ते वासे घरापुढं पडवी काढायला म्हणून तीन वर्षं राखलेले होते. टेम्पो शाळेकडं गेला.

चार दिवस तो एकटा शाळेच्या पडक्या खोलीवर होता. भिंतीचे हललेले चिरे काढून पुन्हा बसवले. वासे चढवले, कौलांखालच्या रिपा ठोकल्या. रस्त्यानं जाणारे गाडी थांबवून विचारायचे, पंचायतीनं किती देणार. दोघांनी हसून विचारलं, ठराव पडला ते माहीत नाही काय. तो पुढची रीप ठोकायचा. दुपारी सुगंधा पाण्याची कळशी आणि भाकरी ठेवून यायची. ठेवायची आणि निघायची. तिसऱ्या दिवशी मात्र ती थांबली आणि खालून त्याला कौलं वर द्यायला लागली. बोलली नाही.

चौथ्या दिवशी अनिल आला. दुसऱ्या दिवशी तो मुंबईला निघायचा होता.

"म्हैपत, उतर खाली."

महिपत कौल बसवत राहिला.

"कुणाला इचारून करतंस?"

"जागा आमची ना, दादा? तूच दाखवलंस मला, सात-बारावर." महिपतचा आवाज चढला नव्हता. "मग अर्धी माजी. ही माजी बाजू. ही मी शाकारतोय. तुजी बाजू ती पलीकडची, ती तू ठेव नायतर पाड. सही मात्र माजी मिळायची नाय."

अनिल जायला वळला. मग म्हणाला, "बायकोच्या नादानं भाऊ तोडलास." आणि गेला. पहाटेच्या गाडीनं सगळे गेले. दाराला कुलूप लागलं. त्यांच्यासाठी भरून ठेवलेल्या आंब्याच्या दोन पेट्या पडवीतच राहिल्या.

रात्री जेवताना महिपतला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. ती बोलली, पण त्याला हवं होतं ते नाही. "सभेत हात वर केला असतात तर ह्या सगळं गावानं केलं असतं," ती म्हणाली. "तुमी अर्धंच करताव. नेमी."

जूनच्या सोळाला शाळा उघडली. नव्या छपराच्या खोलीत एकोणीस मुलं कोरड्यात बसली. अक्षया बाईंनी हळदीकुंकवाची बोटं फळ्याच्या कोपऱ्याला लावली. तीन दिवसांनी केंद्रप्रमुख आले, छत्री मिटवत. साधा माणूस होता, रागावला नाही. कोरडी खोली बघितली, मान हलवली. मग पलीकडची बघितली. तिथं जमिनीवर पाणी साचलं होतं आणि वरचा एक वासा मधोमध वाकला होता. त्यांनी विचारलं की ही दुरुस्ती कुणाच्या परवानगीनं झाली.

"छप्पर पडलं तवा कुणी परवानगी घेतली व्हती?" सुगंधा म्हणाली. तिच्या हातात पळी होती.

शमिकानं तिचा दंड धरला. केंद्रप्रमुखांनी छत्री भिंतीला टेकवली. मग त्यांनी सांगितलं की अर्धी इमारत सुरक्षित असा अहवाल देता येत नाही. आठ दिवसांत दुसऱ्या खोलीचं छप्पर झालं, तर या वर्षापुरती शाळा इथंच राहील असं ते लिहितील. नाही झालं, तर त्यांच्या हातात काही नाही.

शमिकाकडं पैसे नव्हते. ठराव पडलेला. पुढची ग्रामसभा पंधरा ऑगस्टला. धाकूनं त्याच्या परड्यातले वासे दिले, रिपांचे भारे दिले, आणि दोघा बाप्यांनी ते चढवून दिले. हात वर केलेल्या घरांनी कुणी दहा, कुणी वीस कौलं आणली. एका दुपारी सर्वेश शिगवणची आई डोक्यावर पाटी घेऊन आली, तीस कौलं शाळेच्या पडवीत उतरवली आणि कुणाशी न बोलता गेली. सगळी मिळून दीडशे झाली. लागणार होती पाचशे. नवी आणायची तर त्या पावसात भट्टीवर मिळत नव्हती, आणि मिळाली असती तरी घेणार कशातनं.

सहाव्या दिवशी सकाळी पावसानं उघडीप दिली. महिपत कामावर गेलेला. सुगंधानं गोठ्यातली शिडी उचलली, घराला वळसा घालून कुलूपबंद खोल्यांच्या बाजूला लावली आणि पदर खोचून वर चढली. पन्हळीजवळचं पहिलं कौल शेवाळानं घट्ट बसलं होतं. तिनं विळ्याच्या मुठीनं ठोकून ते सोडवलं. मग दुसरं. खाली शमिका होती, धोंडूची बायको होती, आणखी सातआठ बाया. पहिल्यांदा कुणी हात पुढं करेना.

"ह्या त्येंची बाजू हाय," धोंडूची बायको म्हणाली.

"म्हाईत हाय. शाळेची ती बाजू पण त्येंचीच हाय. धरा."

बाया रांगेत उभ्या राहिल्या. कौल वरून खाली, हातातून हातात, टेम्पोत. कौलांखालून हळूहळू पलंग दिसायला लागला, प्लास्टिकात गुंडाळलेला टीव्ही दिसायला लागला. सुगंधानं खाली उतरून कुलूप तोडलं नाही. खिडकीतून हात घालून जेवढं ओढता आलं तेवढं कोरड्या कोपऱ्यात सारलं आणि पुन्हा वर चढली.

कुणीतरी महिपतला फोन केला असावा. तो दुपारी धावत आला, लाल धुळीनं माखलेला. घराच्या दादाच्या बाजूचे उघडे वासे बघितले आणि तिथंच थांबला. मग शाळेकडं आला. बाया पडवीत कौलं उतरवत होत्या. सुगंधा भिंतीला लावलेल्या शिडीवर अर्ध्यात उभी होती. तिच्या कोपरापर्यंत शेवाळ होतं आणि तळहात सोलून निघाले होते.

"काय केलंस ह्या?" तो म्हणाला. "पावसाचं दिवस. त्येचं सामान हाय आत. दादा मला ठेवायचा नाय. पोलिसात जाईल."

"जाऊंदे. कौलं कुठं हायत ता मी सांगन. दाखवन."

"सुगंधा, भाऊ हाय तो माजा."

"आणि ही पोरं कोण हायत?" ती म्हणाली. आत अक्षया बाई पाढे म्हणून घेत होत्या, मुलांचा आवाज बाहेर येत होता.

पश्चिमेकडून आभाळ पुन्हा भरून येत होतं, वाऱ्याला पाण्याचा वास लागला होता. धोंडूच्या बायकोनं खालून एक कौल सुगंधाच्या हातात दिलं. वर घ्यायला कुणी नव्हतं. ते जड कौल दोन्ही हातांत धरून ती शिडीवर तशीच थांबली, खाली बघितलं नाही, आणि म्हणाली,

"बसवता मला येत नाय. तुमी वर जाताव, का मी शिकू?"

महिपतनं पायातल्या चपला काढल्या.